राष्ट्रपती कोणाला होता येते?

मंडळी, आपल्या लोणावळ्याला माणसे कशासाठी येतात? कोणी पावसात भिजायला येतात. कोणी चिक्की न्यायला येतात. कोणी कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या दर्शनाला येतात. पण २९ नोव्हेंबर २०२३ या दिवशी एक निराळ्याच पाहुण्या लोणावळ्यास आल्या. त्या म्हणजे भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू.

लोणावळ्यात कैवल्यधाम नावाची योगाची मोठी संस्था आहे. स्वामी कुवलयानंदांनी ती १९२४ साली काढली. शाळेतल्या मुलांना योग कसा शिकवावा, याचा विचार करायला तेथे परिषद भरली होती. तिचे उद्घाटन राष्ट्रपतींनी केले. त्याआधी १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद लोणावळ्यास आले होते. येथे नौदलाचे 'आय. एन. एस. शिवाजी' हे शिक्षणकेंद्र आहे. त्या केंद्राला त्यांनी मानाचे निशाण दिले.

मुर्मूबाई येऊन गेल्या, त्या सुमाराची गोष्ट. आमचा रात्रीचा वर्ग देवळात भरला होता. मी फळ्यावर 'राष्ट्रपती' हा शब्द लिहिला. सगळ्यांनी तो अक्षर लावून वाचला. 'ष्ट्र' हे जोडाक्षर जड गेले, पण वाचले. मग ठाकरवाडीच्या एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, या बाई म्हणं आमच्यावानीच आदिवासी हायेत. खरं का?"

मी म्हणालो, "खरं आहे, बाई. त्या संथाळ जमातीच्या. ओडिशा राज्यात मयूरभंज जिल्हा आहे. तिथं उपरबेडा नावाचं खेडं आहे. तिथल्या त्या."

बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग माजी पोरगी सातवीला हाय. तिला होता यील का राष्ट्रपती?"

वर्गात हशा पिकला. बाई ओशाळल्या आणि पदर सावरून खाली बघू लागल्या.

मी हसलो नाही. का हसलो नाही, ते पुढे सांगेन. मी म्हणालो, "बाई, तुमचा सवाल लाख मोलाचा आहे. याचं उत्तर माझ्या मनाचं द्यायचं नाही. आपल्या राज्यघटनेत ते लिहून ठेवलं आहे. तेच आपण बघू."

त्या रात्री जे सांगितले, तेच येथे लिहितो.

राज्यघटना म्हणजे काय?

देश कसा चालवायचा, याचे मोठे नियम ज्यात लिहिले आहेत, ती राज्यघटना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. त्याच दिवशी डॉ. राजेंद्रप्रसाद आपले पहिले राष्ट्रपती झाले.

पूर्वी राजाचा मुलगा राजा होई. तो शहाणा की वेडा, चांगला की वाईट, हे कोणी विचारत नसे. राष्ट्रपतीचे तसे नाही. राष्ट्रपती निवडून यावा लागतो. त्याची मुदत ५ वर्षांची असते. मुदत संपली की दुसरा निवडायचा. तोच माणूस पुन्हा उभा राहू शकतो. पण आजवर दोनदा निवडणूक जिंकून राष्ट्रपती झाले ते एकटे राजेंद्रप्रसाद.

आता हा राष्ट्रपती कोणाला होता येते? घटनेचे ५८ वे कलम ते सांगते. अटी मोजक्याच आहेत. आपण एकेक घेऊ.

पहिली अट : भारताचा नागरिक

माणूस भारताचा नागरिक हवा. परक्या देशाचा नागरिक आपला राष्ट्रपती होऊ शकत नाही.

तो भारतात जन्मलेलाच हवा, असे मात्र घटना म्हणत नाही. अमेरिकेत निराळा कायदा आहे. तिथला अध्यक्ष जन्मापासूनच अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. शिवाय तो १४ वर्षे त्या देशात राहिलेला हवा. आपल्याकडे कोणी बाहेरून येऊन कायद्याप्रमाणे नागरिक झाला, तरी ही पहिली अट तो पुरी करतो.

दुसरी अट : ३५ वर्षे पूर्ण

वय ३५ वर्षे पूर्ण हवे. ३४ वर्षे आणि ११ महिने असतील, तर चालणार नाही.

पंच व्हायला २१ वर्षे लागतात. आमदार किंवा खासदार म्हणून थेट निवडून यायला २५ वर्षे लागतात. राष्ट्रपतीला त्याहून जास्त वय लागते. कारण काम जोखमीचे. चार पावसाळे अधिक पाहिलेला माणूस असावा, हा त्यातला हेतू.

वरचे वय मात्र ठरवलेले नाही. ७० वर्षांचा माणूस चालतो, ८० वर्षांचाही चालतो. आजवर ३५ वर्षांचा कोणी राष्ट्रपती झाला नाही. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली, तेव्हा त्या ६४ वर्षांच्या होत्या. तरी तोपर्यंतच्या सगळ्या राष्ट्रपतींत त्याच वयाने लहान होत्या.

तिसरी अट : लोकसभेला उभा राहता येण्याजोगा

लोकसभेची निवडणूक लढवायला जी पात्रता लागते, ती राष्ट्रपतीलाही लागते. तो खासदार असलाच पाहिजे असे नाही. पण खासदारकीला उभे राहण्याचा हक्क त्याला हवा.

हा हक्क कोणाला नसतो? कोर्टाने ज्याला वेडा ठरवले आहे, त्याला नसतो. कोर्टाने ज्याला दिवाळखोर ठरवले आणि अजून त्यातून मोकळे केले नाही, त्याला नसतो. गुन्हा शाबीत होऊन २ वर्षे किंवा त्याहून जास्त कैद झाली, तर कैदेच्या काळात आणि सुटल्यावर आणखी ६ वर्षे नसतो.

आणखी एक गोष्ट लागते. ती साधी आहे, म्हणूनच आपण तिच्याकडे काणाडोळा करतो. उमेदवाराचे नाव देशातल्या कोणत्या तरी मतदार यादीत असावे लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा अर्ज भरताना त्या यादीचा दाखला सोबत जोडावा लागतो. दाखला नसेल तर अर्ज बाद होतो. माणूस कितीही मोठा असो, त्याला सूट नाही. हे ध्यानात राहू द्या. शेवटी मी पुन्हा यावर येणार आहे.

चौथी अट : लाभाचे पद नको

सरकारकडून जिथे पगार किंवा फायदा मिळतो, अशा पदावर असलेल्या माणसाला राष्ट्रपतीपदासाठी उभे राहता येत नाही. याला 'लाभाचे पद' म्हणतात. केंद्र सरकार, राज्य सरकार, किंवा त्यांच्या ताब्यातली जिल्हा परिषदेसारखी संस्था, यांपैकी कोठलीही नोकरी यात येते.

वर्गात एकाने विचारले, "म्हंजे कोन कोन, गुरुजी?"

मी म्हणालो, "तलाठी, ग्रामसेवक, फौजदार, शाळेतले गुरुजी. मीसुद्धा हेडमास्तर होतो तोवर उभा राहू शकत नव्हतो. आता नोकरी संपली. आता माझ्याकडे ते पद नाही. तेव्हा आता चालेल!"

यावर सगळे हसले. मीही हसलो.

"आन् शेतकरी?"

"शेतकऱ्याला सरकारी पगार कुठला? त्याला चालतं. इंद्रायणी तांदूळ पिकवणाऱ्याला चालतं. दूध घालणाऱ्याला चालतं. लोणावळ्यात चिक्की विकणाऱ्यालाही चालतं."

ही अट का घातली? उमेदवार सरकारच्या पगाराने बांधलेला नसावा, म्हणून. ज्याचे मीठ खायचे त्याच्या तोंडासमोर बोलणे अवघड जाते, हे आपण गावात पाहतोच.

काही पदांना मात्र या अटीतून वगळले आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री. ही पदे लाभाची धरत नाहीत.

या अटीवरून एकदा मोठी तक्रार झाली. २०१२ साली प्रणव मुखर्जी राष्ट्रपती म्हणून निवडून आले. त्यांच्याविरुद्ध पी. ए. संगमा उभे होते. संगमा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे, की अर्ज भरताना मुखर्जी एका संस्थेचे अध्यक्ष होते आणि ते लाभाचे पद होते. पाच न्यायाधीशांपुढे गोष्ट गेली. तिघांनी तक्रार फेटाळली, दोघांचे मत निराळे पडले. तिघांचे म्हणणे कायम झाले. देशातले सर्वांत मोठे पद, पण त्याची पात्रतासुद्धा कोर्टात तपासता येते.

एक शेवटची बाब. राष्ट्रपती झाल्यावर त्याला आमदार किंवा खासदार राहता येत नाही. आधी असला, तर पदावर बसला त्या दिवसापासून ती जागा त्याने सोडली असे धरतात.

संपल्या अटी. नागरिक, ३५ वर्षे, लोकसभेची पात्रता आणि लाभाचे पद नको. चार बोटांवर मोजून झाल्या.

घटना काय विचारत नाही?

मंडळी, आता खरी गंमत बघा. या कलमात काय काय लिहिलेले नाही, तेही वाचायला हवे.

जात लिहिलेली नाही. धर्म लिहिलेला नाही. बाई की पुरुष, हे लिहिलेले नाही. जमीन किती, घर कौलारू की सिमेंटचे, हे लिहिलेले नाही. हिंदी किंवा इंग्रजी बोलता आली पाहिजे, असे लिहिलेले नाही. किती इयत्ता शिकला, हेसुद्धा लिहिलेले नाही.

मी स्वतः मॅट्रिक झालेला माणूस. मास्तरकीला लागलो तेव्हा साहेब लोक पहिले विचारत, "शिक्षण किती?" घटना राष्ट्रपतीच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारत नाही. शिक्षण नको, असा याचा अर्थ नव्हे. शिक्षण हवेच. म्हणून तर आपण रात्री वर्गाला जमतो. पण ज्याला शाळा मिळाली नाही, त्याला घटनेने दारातूनच परत पाठवलेले नाही.

हे नुसते कागदावर नाही. आजवर कोण कोण राष्ट्रपती झाले, ते बघा.

ग्यानी झैलसिंग १९८२ साली राष्ट्रपती झाले. पंजाबातल्या संधवान गावचे. घरी शेती आणि सुतारकाम. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. त्यांनी धर्मग्रंथांचा अभ्यास केला, म्हणून लोक त्यांना 'ग्यानी' म्हणत.

के. आर. नारायणन १९९७ साली झाले. केरळातल्या खेड्यात, गरीब दलित घरात जन्मले. दूरवर चालत शाळेला जात.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम २००२ साली झाले. रामेश्वरमचे. लहानपणी वर्तमानपत्रे वाटत. पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. ते कधी आमदार नव्हते की खासदार नव्हते. तरी राष्ट्रपती झाले.

द्रौपदी मुर्मू यांनी आधी सरकारी कचेरीत कारकुनी केली. मग शाळेत शिकवले. १९९७ साली त्या रायरंगपूर या गावच्या नगर पंचायतीत निवडून आल्या. २००० साली आमदार झाल्या. २०१५ साली झारखंडच्या राज्यपाल झाल्या. आणि २०२२ साली राष्ट्रपती. नगर पंचायतीतून राष्ट्रपती भवनापर्यंत पोचायला २५ वर्षे लागली.

आता मी त्या रात्री का हसलो नाही, ते सांगतो.

मी तरुण मास्तर होतो. चौथीच्या वर्गात मुलांना विचारत होतो, "मोठेपणी कोण होणार?" कोणी म्हणाले ड्रायव्हर, कोणी म्हणाले पोलीस. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिच्या पायात चप्पल नव्हती. ती म्हणाली, "राष्ट्रपती." पुस्तकात धडा होता, त्यातला शब्द तिला आवडला होता. सगळा वर्ग हसला. आणि मंडळी, मीही हसलो. म्हणालो, "आधी नाक पूस." ती खाली बसली. पुन्हा त्या वर्षात तिने स्वतःहून हात वर केला नाही.

तिला अपात्र कोणी ठरवले? घटनेने नाही. मी ठरवले. ज्याने घटना शिकवायची, त्यानेच. आज त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली, पण ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून त्या रात्री वर्गात हशा झाला, तेव्हा मी सगळ्यांना आधी ही गोष्ट सांगितली. मग कोणी हसले नाही.

नाडगावची मुलगी

आता आपल्या महाराष्ट्राचीच गोष्ट ऐका.

जळगाव जिल्ह्यात नाडगाव नावाचे गाव आहे. १९ डिसेंबर १९३४ रोजी तिथे एक मुलगी जन्मली. नाव प्रतिभा. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. खेड्यातल्या मुलींना शाळेत घालणारे थोडे होते. प्रतिभाताई शिकल्या. जळगावात कॉलेज केले, पुढे मुंबईत वकिलीची परीक्षा दिली.

१९६२ साली त्या विधानसभेला उभ्या राहिल्या आणि आमदार झाल्या. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. १९८५ पर्यंत त्या आमदार होत्या. मग राज्यसभेत गेल्या. १९९१ साली अमरावतीहून लोकसभेत निवडून गेल्या. २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल झाल्या.

२००७ साली राष्ट्रपतीची निवडणूक आली. प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. त्यांची पात्रता आता तुम्हीच तपासा. भारताच्या नागरिक? होय. वय ३५ च्या वर? ७२ होते. लोकसभेची पात्रता? त्या खासदार होऊन गेल्या होत्या. लाभाचे पद? राज्यपालपद त्यात धरत नाहीत, हे आपण वर पाहिले. तरी त्यांनी तो राजीनामाही दिला होता.

त्यांच्याविरुद्ध भैरोसिंह शेखावत होते. प्रतिभाताईंच्या मतांचे मोल भरले ६,३८,११६. शेखावतांचे ३,३१,३०६. २५ जुलै २००७ रोजी प्रतिभाताईंनी शपथ घेतली. भारताच्या त्या पहिल्या महिला राष्ट्रपती. तोवर घटना लागू होऊन ५७ वर्षे झाली होती. बाईला बंदी एक दिवसही नव्हती. पण दार उघडे असून आत जायला ५७ वर्षे लागली. कायदा दार उघडतो. आत पाठवायचे काम घरच्यांनी, शाळेने आणि समाजाने करायचे असते.

पात्र असणे निराळे, निवडून येणे निराळे

आता कोणी म्हणेल, "चार अटी मी पुऱ्या करतो. मग उद्याच अर्ज भरतो."

थांबा. अर्जालाही नियम आहेत. ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. म्हणजे नाव सुचवणारे ५० आणि त्याला दुजोरा देणारे ५०. हे सगळे त्या निवडणुकीचे मतदार हवेत, म्हणजे आमदार किंवा खासदार हवेत. शिवाय १५,००० रुपये अनामत भरावी लागते. फार थोडी मते पडली तर ती जप्त होते.

हा नियम पहिल्यापासून इतका कडक नव्हता. आधी एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होत. मग काय झाले? १९६७ साली १७ जण उभे राहिले. त्यांतल्या ९ जणांना एकही मत पडले नाही! अशी गंमत होऊ लागली, म्हणून १९७४ साली नियम आवळला. १९९७ साली आणखी आवळून ५० आणि ५० केला.

पात्र माणूस पडूही शकतो. आपल्या घाटाखाली, महाडजवळ नाते गाव आहे. तिथले चिंतामणराव देशमुख केवढे विद्वान! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळावी, या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. १९६९ साली ते राष्ट्रपतीपदासाठी उभे राहिले. पण तिसरे आले. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले. पात्रतेत देशमुख कोठे कमी नव्हते. मते कमी पडली.

तुमचे मत दिल्लीला कसे जाते?

राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. निवडून आलेले आमदार आणि खासदार मत देतात. विधान परिषदेचे आमदार आणि नेमलेले खासदार यांना हे मत नसते.

प्रत्येक आमदाराच्या मताचे मोल ठरलेले असते. ते राज्याच्या लोकसंख्येवरून काढतात. हिशेबाला १९७१ सालची शिरगणती धरतात. तेव्हा महाराष्ट्रात ५,०४,१२,२३५ माणसे होती. आमदार २८८. माणसांना आमदारांनी भागा, मग १,००० ने भागा. उत्तर येते १७५. म्हणजे मावळच्या आमदाराचे एक मत १७५ धरतात. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, सिक्कीमच्या आमदाराचे ७. जिथे माणसे जास्त, तिथे मोल जास्त.

आमदाराला कोण निवडते? तुम्ही. खासदाराला कोण निवडते? तुम्हीच. आपल्या मावळच्या खासदाराला घाटावरचे मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालचे कर्जत, पनवेल, उरण असे सगळे मिळून निवडतात. तुमचे मत आमदाराच्या आणि खासदाराच्या हातून राष्ट्रपतीपर्यंत पोचते. म्हणून ते विकू नका आणि वाया घालवू नका.

यादीत नाव आहे का?

हे सगळे सांगून झाले. मग मी ठाकरवाडीच्या त्या बाईंना म्हणालो, "बाई, तुमच्या मुलीचं उत्तर मिळालं. ती भारताची नागरिक. आज वय लहान आहे. ३५ वर्षांची झाली, बाकीच्या अटी पुऱ्या केल्या, की घटना तिला अडवत नाही. पण आता माझा एक सवाल. तुमचं स्वतःचं नाव मतदार यादीत आहे का?"

बाई म्हणाल्या, "म्हायेरी कर्जतकडं व्हतं म्हणं. हितं लगीन हून आले, मग कुनी बघितलं न्हाई."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"चौदा."

चौदा वर्षे! त्या काळात लोकसभेच्या, विधानसभेच्या, ग्रामपंचायतीच्या किती निवडणुका झाल्या. बाईंनी एकदाही मत दिले नव्हते. मी वर्गाकडे वळून विचारले, "आणखी कोणाचं असं आहे?" आधी कोणी बोलेना. मग हळूहळू पाच हात वर झाले. पाचही बायकाच होत्या. मुलगी सासरी येते. तिच्याबरोबर भांडीकुंडी येतात, पण यादीतले नाव माहेरीच राहते. कुठे ते तिथूनही कमी होते. मग ती बाई सरकारच्या लेखी कुठलीच मतदार राहत नाही. मत देता येत नाही, आणि साधी ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येत नाही.

उपाय अवघड नाही. नाव कुठेच नसेल तर 'नमुना ६' भरायचा. नाव दुसऱ्या गावी असेल आणि इकडे आणायचे असेल तर 'नमुना ८' भरायचा. वय १८ पूर्ण हवे. राहण्याचा आणि वयाचा पुरावा लागतो. हे अर्ज आपल्या मतदान केंद्राचे अधिकारी, ज्यांना लोक बीएलओ म्हणतात, त्यांच्याकडे मिळतात. वडगावला तहसील कचेरीतही मिळतात. अर्जाला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.

पुढच्या आठवड्यात मी अर्ज आणले. "गुरुजी, तुमीच भरा," असे सगळ्या म्हणू लागल्या. मी म्हणालो, "नाही. सहा महिने पाटी घेऊन बसलात ते कशासाठी? मी शेजारी बसतो. लिहायचं तुम्ही."

ठाकरवाडीच्या बाईंनी आपले नाव लिहिले. नवऱ्याचे नाव लिहिले. गाव लिहिले, तालुका मावळ, जिल्हा पुणे. एक वेलांटी चुकली, ती सुधारली. शेवटी सहीची जागा आली. शेजारच्या बाईने सवयीने शाईची डबी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि सही केली.

दोन महिन्यांनी नवी यादी आली. मी ती वर्गात नेली. बाईंनी बोट ठेवत ठेवत आपले नाव स्वतः शोधून काढले. मुलगी बरोबर आली होती. तिलाही त्यांनी ते दाखवले.

मंडळी, ती मुलगी पुढे काय होईल, ते मी कसे सांगू? शिक्षिका होईल, सरपंच होईल, नाहीतर आणखी काही होईल. पण राष्ट्रपतीच्या अर्जाला जो दाखला जोडावा लागतो, तो याच यादीचा असतो. तुमचे नाव तिच्यात आहे का? आज घरी गेल्यावर सुनेला विचारा, लेकीला विचारा. नसेल तर उद्याच अर्ज भरा.

हे ध्यानात ठेवा

१. राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा लागतो.
२. त्याचे वय ३५ वर्षे पूर्ण असावे लागते.
३. लोकसभेला उभे राहण्याची पात्रता लागते. मतदार यादीत नाव लागते.
४. सरकारी लाभाचे पद असून चालत नाही.
५. जात, धर्म, पैसा, शिक्षण, बाई की पुरुष, हे घटना विचारत नाही.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या घरात १८ वर्षांवरची माणसे किती? त्यांतल्या किती जणांची नावे यादीत आहेत?
२. तुमच्या घरात आज ३५ वर्षे पूर्ण झालेली माणसे कोण कोण? त्यांची नावे लिहा. त्यांतले लाभाचे पद कोणाकडे आहे?
३. भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती कोण? त्यांच्या गावाचे आणि जिल्ह्याचे नाव लिहा.